ईएफआय इंजिन सकाळी लवकर घेत नाही, पंप बदलू का?

संगमावरचा तांडेल (देवबाग, मालवण) · १० डिसेंबर, रात्री ९:१०

मंडळी, गाऱ्हाणं आहे आणि जरा लांबट आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

माझी २२ फुटी फायबरची होडी. कर्ली खाडीच्या मुखापासून त्सुनामी बेट, डॉल्फिन, हवा बरी असली तर भोगव्यापर्यंत पर्यटक नेतो. मागे ६० एचपीचं फोर-स्ट्रोक ईएफआय (कार्बोरेटर नाही, कॉम्प्युटर पेट्रोल फवारतो) इंजिन, सहावा सिझन चालू आहे, १४०० तास झाले. त्याआधी टू-स्ट्रोक चाळीस होतं. ते पेट्रोल असं प्यायचं की मिळकत त्याच्याच घशात जायची, पण दोरी ओढली की पेटायचं, आणि नाही पेटलं तर का नाही ते कळायचं. कार्बोरेटर खोला, जेट फुंका, प्लग पुसा, झालं. ह्याचं झाकण काढलं की नुसते वायरींचे झुबके. हात घालायचा कुठे?

तक्रार अशी. सकाळी साडेसातला पहिली फेरी. चावी फिरवली की सेल्फ फिरतो, फिरतो, फिरतच राहतो. मोबाइलवर मोजलं, १०-१२ सेकंद. थांबतो, पुन्हा मारतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला घेतं. एकदा घेतलं की दिवसभर बिनतक्रार. बेटावर अर्धा तास थांबून परत मारलं तर चावीला हात लावायचा अवकाश. आयडलला ७५० वर शांत, पूर्ण सोडलं तर ५६००, धूर नाही, पेट्रोल पूर्वीइतकंच.

एक गंमत पण सांगून ठेवतो. मी कंटाळून चावी सोडतो, नेमकं त्याच क्षणी घेतं. दहातून सहा वेळा तरी. जेटीवर पर्यटक जॅकेटं घालून उभे, मी घामाघूम, आणि बायको पैसे मोजता मोजता म्हणते, "तुमी हात सोडल्यार ता चालू होता, मगे धरून कित्याक ठेवतास?"

आतापर्यंत केलेले खर्च: चारही प्लग नवे. पेट्रोलचा फिल्टर आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर, दोन्ही नवे. टाकीच्या नळीवरचा रबरी फुगा (दाबून पेट्रोल चढवतो तो) चिवट झाला होता, तोही बदलला. इंजेक्टर काढून कुडाळला मोटारींच्या गॅरेजमध्ये मशीनवर धुऊन आणले, चारही सारखे फवारा मारतात असं त्याने दाखवलं. फरक शून्य. आमचा मेस्त्री म्हणतो हाय प्रेशर पंप गेला. ३८ हजारांचा आहे, मागवायला दहा दिवस. मी ५ हजार आगाऊ देऊन बसलोय. नाताळ पंधरा दिवसांवर आहे, सगळा धंदा त्या आठवड्याचा.

होडीत बाकी काही बदल नाही. म्हणजे गणपतीनंतर बसायची मांडणी बदलली, दहा माणसं बसली की बूड टेकायचं म्हणून बॅटरी मागून काढून मधल्या फळीखाली घेतली, आणि पोरांच्या हट्टापायी गाण्यांचा डबा बसवला, एवढंच. बॅटरी मार्चमध्ये घेतलेली, आजही १२.५ दाखवते, तेव्हा ती शंका नको.

पंप बदलू का? की अजून काही बघू?

आक्षीचा बागायतदार (अलिबाग) · १० डिसेंबर, रात्री ९:४८

पेट्रोल तपासा आधी. २०२३ पासून पंपावर ई२० यायला लागलं आणि आता तेच मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपण राहतो कुठे तर समुद्रावर. माझी छोटी होडी पावसाळाभर वाडीत असते, टाकीत दहा-बारा लिटर तसंच राहिलं होतं. नारळी पौर्णिमा झाली, इंजिन मारायला गेलो तर काही केल्या घेईना. टाकीच्या तळातलं काचेच्या बाटलीत काढलं तर खाली वेगळाच थर, वर पेट्रोल. पाण्याने इथेनॉल धरलं की दोघं मिळून तळाला बसतात आणि आपली शोषणनळी नेमकी तळाशीच. इंजिनाला पहिला घोट पाण्याचा.

जुन्या रबरी नळ्याही हे पेट्रोल खातं. आतून पापुद्रे सुटतात आणि फिल्टरमध्ये काळा गाळ येतो. नळ्या बदलल्यात का? सरकारने गाड्यांचा विचार केला असेल, होडीवाल्यांचा कोणी केला ते मला दाखवा. असो, तो विषय वेगळा.

संगमावरचा तांडेल · १० डिसेंबर, रात्री १०:०५

बागायतदारदादा, माझं पेट्रोल दोन दिवसांच्या वर टाकीत टिकतच नाही, सिझनमध्ये रोज कॅनने आणतो. तरी उद्या बाटलीत काढून बघतो. नळ्या फुग्याबरोबरच बदलल्या.

नोझलवाली (पुणे) · १० डिसेंबर, रात्री ११:२०

तांडेलदादा, मी मोटारींच्या इंधन प्रणालीवर काम करते. होडीशी माझा संबंध तारकर्लीला बसण्यापुरताच, तेव्हा होडीच्या खास गोष्टी इथले जाणकार सांगतील. पण इंजेक्शनचं तत्त्व तेच.

तुम्ही चावी ऑनवर आणता, सेल्फ न मारता, तेव्हा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हाय प्रेशर पंप दोन-तीन सेकंद चालवतो आणि रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीत, दाब भरतो. बारीक गुणगुण ऐकू येते. येते का? उद्या सकाळी पहिल्यांदा असं करा: चावी ऑन, गुणगुण थांबेपर्यंत थांबा, ऑफ. असं तीनदा. मग सेल्फ. लगेच घेतलं तर अर्थ असा की रात्रीतून रेलमधला दाब उतरतो, म्हणजे पंपातला चेक व्हॉल्व्ह, प्रेशर रेग्युलेटर किंवा एखादा ठिबकणारा इंजेक्टर. इंजेक्टर ठिबकत असता तर सुरू होताना काळा धूर आला असता आणि ऑइलला पेट्रोलचा वास. डिपस्टिक हुंगून बघा.

तरी नाही घेतलं तर थ्रॉटल किंचित उघडून मारा. तसं घेतलं तर आयडलची हवा देणारा व्हॉल्व्ह काजळीने अडकलाय. तिसरी शक्यता इंजिनाचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरची. ईसीयूला इंजिन थंड असताना जास्त पेट्रोल सोडायचं असतं. सेन्सरने गरम आहे असं खोटंच सांगितलं तर ते सोडत नाही. गरम इंजिन नीट घेतं, थंड घेत नाही, हे त्याच्याशी जुळतं.

चावी सोडताना घेतं हे मात्र मला टोचतंय. जुन्या गाड्यांत इग्निशन स्विचच्या आतला एक संपर्क जळला की असं व्हायचं: स्टार्टच्या जागेवर कॉइलला वीजच नाही, सोडली की मिळते. तुमचा स्विच किती जुना आहे?

वेंगुर्लेकर शारजा · ११ डिसेंबर, रात्री १२:५०

भावा, मी वेंगुर्ल्याचा, नऊ वर्षं इकडे मरिनात आउटबोर्डच करतो. ताईंनी सांगितलं ते बरोबर, त्यात होडीचं थोडं घालतो.

तुझ्या इंजिनात पेट्रोलचे दोन टप्पे. पहिला साधा पडद्याचा पंप, इंजिनाच्या फिरण्यावर चालणारा, तो टाकीतून ओढून व्हीएसटी नावाच्या छोट्या डब्यात टाकतो. त्या डब्यात कार्बोरेटरसारखाच फ्लोट आणि सुई. हाय प्रेशर पंप त्या डब्याच्या आत बुडालेला. म्हणून लक्षात ठेव: रात्रीत नळीतलं पेट्रोल टाकीत उतरून गेलं, फुगा मऊ पडला, तरी डब्यात भरलेलं असतंच. इंजिन आधी पेटतं आणि अर्ध्या मिनिटाने घुसमटून मरतं. तुझं उलट आहे, पेटतच नाही, पेटल्यावर मरत नाही. म्हणजे फुगा, नळी, टाकीच्या जोडाची रिंग ह्यांच्यामागे पैसे घालवू नको, तो टप्पा निर्दोष आहे.

इकडे उन्हाळ्यात मला उलटा रोग बघायला मिळतो. बाहेर ४५ डिग्री, होडी वीस मिनिटं उभी, झाकणाखालच्या उष्णतेने डब्यातलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि गरम इंजिन घेत नाही. तुझं गरम इंजिन छान घेतंय, तेव्हा तेही नाही.

पंप गेला असं मेस्त्री म्हणतो तर त्याला विचार, दाब मोजलास का? इंधन रेलवर मोटारीच्या टायरला असतो तसा पिनवाला व्हॉल्व्ह असतो, त्यावर गेज लावायचं. अशा इंजिनांत ४० पीएसआयच्या आसपास असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघ. लावताना-काढताना चिंधी धर, पेट्रोल उडतं. विडी-सिगरेट लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, होडीच्या तळात जाऊन बसते आणि दिसत नाही. झाकण उघडं ठेवून वारा लागू दे, मगच सेल्फ मार. आणि बारा-बारा सेकंद सेल्फ मारत बसू नको, तो जळेल. मारलास की त्याला चांगला निवू दे.

संगमावरचा तांडेल · १२ डिसेंबर, दुपारी २:३०

दोन सकाळी घालवल्या, आता निकाल ऐका.

पेट्रोल बाटलीत काढलं, स्वच्छ. बागायतदारदादा, तुमचा नैवेद्य चुकला. ऑइल हुंगलं, पेट्रोलचा वास नाही. चावी ऑनला पंपाची गुणगुण येते, मधमाशीसारखी. तीनदा चावी केली, मग सेल्फ: तेच रडगाणं. थ्रॉटल उघडून: तेच. सेन्सर मोजायची अक्कल माझ्याकडे नाही. स्विच इंजिनाबरोबरचाच, सहा वर्षांचा, पण बघायला खोलला तर आत अजून चकचकीत.

गेज मिळालं. कुडाळच्या त्या गॅरेजवाल्याने दिलं, अनामत म्हणून माझं लायसन्स ठेवून घेतलं. काल संध्याकाळी लावलं, इंजिन चालू असताना ४२. खाडीत नेऊन पूर्ण सोडलं, ५६०० ला ४२ चं ४२, काटा हलला नाही. इंजिन बंद करून गेज तसंच रात्रभर ठेवलं, सकाळी ३७. म्हणजे रात्रीत पाचच उतरला. चावी ऑन केली, परत ४२.

आणि आता मजा. सेल्फ मारला तर काटा सरकत सरकत २८ वर आला. सेल्फ सोडला की पटकन वर. मेस्त्री शेजारी उभा होता, त्याने मांडीवर थाप मारली, "बघितलंस? भार आला की पंप बसतो. मी काय सांगत होतो?" आता माझ्याकडे बोलायला काही नाही. उरलेले ३३ हजार उद्या पाठवू म्हणतो. कोणाला काही वेगळं वाटत असेल तर आज रात्रीपर्यंत बोला.

मिरकरवाड्याचा चाचा (रत्नागिरी) · १२ डिसेंबर, दुपारी ४:१५

पैसे पाठवू नको.

अरे बाबा, पंपावर भार कधी येतो? सेल्फ मारताना की ५६०० ला? पूर्ण वेगात इंजिन तासाला वीस लिटरच्या घरात ओढतं. सेल्फ फिरवताना चमचाभर. तुझा पंप वीस लिटरला ४२ धरून बसतो आणि चमचाभराला मान टाकतो? आजारी पंप आधी वरच्या वेगात मेला असता. पंप धडधाकट आहे, त्याला उपाशी ठेवलंय. पेट्रोलने नाही, विजेने.

पहिल्या पोस्टमध्ये तूच लिहिलंयस. "बाकी काही बदल नाही," आणि पुढच्याच ओळीत बॅटरी मागून मध्ये नेली. चाळीस वर्षं मशिनी करतोय, गिऱ्हाईक जे "ते सोडून" म्हणतं ना, तिथेच रोग असतो. आता सांग: तार कुठली वापरलीस, किती लांब, किती जाड, जोड कसा मारला, आणि बॅटरीच्या बोळ्यावर (वरच्या शिशाच्या टोकावर) किती शेपट्या आहेत?

१२.५ दाखवते म्हणजे काही नाही. झोपलेल्या माणसाची ताकद कळत नाही. सेल्फ मारताना किती दाखवते ते बघ, आणि दोन ठिकाणी बघ.

मीटर डीसी व्होल्टवर. पहिलं माप बॅटरीवर, टोक थिंबलला (तारेच्या टोकाच्या कड्याला) नाही, शिशाच्या बोळ्यालाच टेकवायचं. सेल्फ मार, वाच. दुसरं माप इंजिनावर: लाल टोक सेल्फच्या जाड बोल्टला, काळं इंजिनाच्या उघड्या धातूला, रंगावर नाही. सेल्फ मार, वाच. दोन्हींत फरक किती तो लिही. मग खुलासा करून घे: लाल टोक बॅटरीच्या प्लसला आणि काळं सेल्फच्या बोल्टला, सेल्फ मारताना जे दिसेल ते प्लसच्या तारेने गिळलेलं. तसंच मायनसचा बोळा आणि इंजिनाचा धातू. एकेका बाजूला अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. माणूस दुसरा लागेल चावीला. सकाळीच कर, तसंही सकाळी ते घेत नाहीच, मापायला वेळ भरपूर मिळेल.

आणि ऑइल कुठलं घालतोस?

संगमावरचा तांडेल · १२ डिसेंबर, संध्याकाळी ५:००

चाचा, तार वेल्डिंगच्या दुकानातली, १६ ची. इंजिनाची मूळ केबल मागपर्यंत होती, तिला पुढे तीन-तीन मीटर वाढवली. जोड नट-बोल्ट आणि वर काळी टेप. फळीखालीच आहे. बोळ्यावर शेपट्या: इंजिन, पाणी काढायचा पंप, जीपीएस, दिवे, गाण्यांचा डबा, मोबाइल चार्जर. वर कानवाला नट, हाताने पिळतो तो.

ऑइल २०डब्ल्यू-५०. भावाचा टेम्पो आहे, त्याच्याच डब्यातलं.

लिहितानाच कान गरम व्हायला लागलेत.

नोझलवाली · १२ डिसेंबर, संध्याकाळी ६:४०

चाचा, सलाम. मी स्विचमध्ये अडकले आणि बॅटरीची ओळ डोळ्यांखालून गेली.

दादा, हिशेब करून दाखवते. तांब्याच्या एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर जाड तारेचा रोध ०.०१७५ ओहम. तुमची वाढवलेली तार जाऊन-येऊन सहा मीटर, १६ चौरस मिलिमीटर, म्हणजे साधारण ०.००६६ ओहम. सेल्फने दीडशे अँपिअर ओढले असं धरलं तर एक व्होल्ट नुसता तारेत गेला, तेही तार शुद्ध तांब्याची असेल तर. वेल्डिंगच्या स्वस्त केबलमध्ये अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, मग ह्याच्या दीडपट धरा. जोडांचं वेगळं.

बारा व्होल्टच्या हिशेबाने बनवलेल्या पंपाला आठ-साडेआठ मिळाले की तो हळू फिरतो, दाब पडतो, तुमचा २८ तिथून आला. इंजेक्टर पण कमी व्होल्टला उशिरा उघडतो, म्हणून तेवढ्याच वेळात कमी पेट्रोल जातं. ईसीयू हे काही प्रमाणात भरून काढतो, फार खाली गेलं तर तो स्वतःच डुलक्या घेतो. सेल्फ मात्र अडाणी मोटर आहे, ती आठवर पण फिरते. म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं, वीज तर आहे. चावी सोडली की सेल्फचा भार जातो, व्होल्ट एकदम वर येतात, गाडा अजून एक-दोन फेरे फिरतोच आहे, तेवढ्यात ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही नीट मिळतात आणि घेतं. तुमच्या सौभाग्यवतींचं निदान माझ्यापेक्षा सरस होतं.

दिवसा का त्रास नाही? इंजिन कोमट, ऑइल पातळ, सेल्फ हलका फिरतो, पेट्रोल कमी लागतं, आणि बॅटरी नुकतीच चार्ज झालेली. सकाळी पाचही गोष्टी उलट. रात्री पाणी काढायचा पंप आपोआप चालत असेल तर सहावी.

संगमावरचा तांडेल · १३ डिसेंबर, सकाळी ११:२०

आवशीक खाव!

सकाळी सातला पोराला चावीवर बसवलं. बॅटरीच्या बोळ्यावर सेल्फ मारताना १०.८. इंजिनावर ८.५. दोनदा मापलं, दोनदा तेच. वाटेत २.३ व्होल्ट गायब. खुलासा केला: प्लसच्या बाजूला ०.९, मायनसला १.४.

मायनसचा जोड उघडला. टेप काढली तशी आतून हिरवं पाणी ओघळलं. नट-बोल्टवर देवळातल्या जुन्या समईवर असतो तसा कळंक, थिंबल बोटाने हलवलं तर गोल फिरलं. तार कापून बघितली, आतले धागे वरून तांबडे आणि खरवडल्यावर पांढरे. ताई, तुमचा मुलामा खराच निघाला. दुकानदाराला दोष देत नाही, त्याने वेल्डिंगसाठी विकली, मी होडीत घातली. आणि ह्या फळीखाली प्रत्येक फेरीत पाय धुतलेलं खारं पाणी येतं, हे मला सोडून सगळ्या पर्यटकांना माहीत आहे.

मेस्त्रीला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "जोड मी मारलेलो नाय." बरोबर आहे, जोड मीच मारलेला. सप्टेंबरात, पाऊस पडत असताना, डोक्यावर गोणपाट घेऊन.

आता दोन पर्याय दिसतात. जाड तार घालून बॅटरी तिथेच ठेवायची, की मागे न्यायची?

वेंगुर्लेकर शारजा · १३ डिसेंबर, दुपारी १२:०५

मागे ने. तारेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तार कमी. बूड टेकतंय तर पेट्रोलची टाकी पुढे सरकव. नळी लांब झाली तरी चालते, तिला व्होल्ट लागत नाहीत. तीही फार लांबवू नको, आणि टाकी मोकळ्या हवेत ठेव, पेटीत कोंडू नको.

बॅटरी पुढेच हवी असली तर मात्र ३५ चौरस मिलिमीटर, कल्हई केलेल्या धाग्यांची मरिन केबल, मध्ये जोड न देता एक अखंड, थिंबल मशीनवर दाबून घेतलेलं आणि वर गोंदवाली रबरी नळी गरम करून बसवलेली. खर्च बघशील तर आपोआप मागे नेशील.

मिरकरवाड्याचा चाचा · १३ डिसेंबर, दुपारी १:३०

मागे ने. कानवाले नट समुद्रात टाक, म्हणजे टाकू नको, पण होडीत ठेवू नको. सहाकोनी नट, खाली वॉशर, पान्याने आवळ. बोळ्यावर दोनच गोष्टी, इंजिन आणि फ्यूज-पेटी. बाकी सगळं फ्यूज-पेटीतून. पाणी काढायच्या पंपाला मात्र सरळ वीज दे, त्यालाही त्याचा फ्यूज, पण मेन स्विच बंद केला तरी तो चालला पाहिजे. होडी बुडाली तर इंजिन चालू होऊन काय करणार आहे?

सगळं घासून, आवळून झालं की वरून ग्रीस. आधी नाही.

ऑइल बदल, तुझं जाड आहे, गारठ्यात सेल्फ जड फिरतो. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० असेल, आउटबोर्डचं घे. टेम्पो टेम्पोच्या जागी.

आणि २.३ चे किती झाले ते लिही. "चालू झालं" एवढ्यावर पळून जाऊ नको, सगळे तसेच पळतात.

आक्षीचा बागायतदार · १३ डिसेंबर, दुपारी ३:००

पेट्रोल नव्हतं, मान्य. तरी पावसाळ्याआधी टाकी रिकामी करत जा.

संगमावरचा तांडेल · १४ डिसेंबर, रात्री ८:४५

पळालो नाही चाचा, दिवसभर पाण्यावर होतो.

काल दुपारी बॅटरी मागे, तिच्या जुन्या जागी, झाकणाच्या पेटीत. मूळ केबल थेट, मध्ये काही नाही. मूळ थिंबलं पण काळी पडली होती, घासून चकचकीत केली. फ्यूज-पेटी कणकवलीहून आणली, पंपाची तार वेगळी. टाकी चार फूट पुढे घेतली. दहा माणसं बसवून बघितलं, भावकीतलीच जमवली, फुकट फेरी म्हटल्यावर चौदा आली. बूड आधीइतकं टेकत नाही. ऑइल बदललं.

आज सकाळी सव्वासातला, मतलई सुटलेली, हात गार. बॅटरीवर सेल्फ मारताना... वाचताच येईना, मीटरचा आकडा स्थिर व्हायच्या आत इंजिन चालू. शेवटी पोराने मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढला आणि थांबवून वाचला. बॅटरी १०.९, इंजिन १०.५. दोन्ही बाजू मिळून ०.४. गेज अजून लावलेलं होतं, सेल्फला काटा ४० च्या खाली गेला नाही. किती सेकंद लागले ते मोजायला गेलो तर दीड.

पंपाची ऑर्डर रद्द केली. ५ हजारांतले ४ परत मिळाले, एक हजार मेस्त्री म्हणतो धावपळीचे. दिले. त्याने गेज लावायला, वाचायला दोन दिवस मदत केली होती, आणि नाताळात इंजिन बंद पडलं तर रात्री बारालाही तोच येणार आहे.

इंजेक्टर धुतल्याचे आणि फुग्याचे पैसे गेले ते गेले. फुगा तसाही मरायला टेकला होता. गाण्यांच्या डब्याला मोटरसायकलची एक जुनी बॅटरी वेगळी दिली, ती संपली की गाणी बंद. पोरं नाराज आहेत, डॉल्फिन खूश असावेत.

झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय: "१४ डिसेंबर. बॅटरी १०.९. इंजिन १०.५." दर महिन्याला त्याच्याखाली पुढची ओळ लिहीन. उद्या गेज परत करून लायसन्स सोडवायला कुडाळला जातोय. कोणाला तिकडून काही हवं असेल तर सकाळी नऊच्या आत सांगा.